फॉर्मवरचा तो एक चौकोन

आमच्या लालबागच्या मंडळाचे रक्तदान शिबिर दर वर्षी १ मे रोजी असते. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपले की त्याच मांडवात रक्तपेढीची माणसे खाटा लावतात, आणि चाळीतल्या बायका कॉफीचे पातेले चढवतात. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. कॉलेजांना सुट्टी लागलेली असते, अर्धी मुंबई कोकणात किंवा देशावर गेलेली असते आणि रक्तपेढ्यांचे कप्पे नेमके तेव्हाच रिकामे पडतात. लग्न होऊन या चाळीत आले त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, मी इथे पहिल्यांदा रक्त दिले आणि दोन बाळंतपणांची वर्षे वगळली तर पुढे चोवीस वर्षे जवळजवळ न चुकता दिले.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. त्यानंतरचे वर्ष परळच्या टाटा रुग्णालयात गेले: शस्त्रक्रिया, आठ केमो, मग रेडिएशन, ज्याला आमच्या रांगेतल्या गावाकडच्या बायका ‘शेक’ म्हणत, आणि त्यानंतर पाच वर्षे रोज एक गोळी. त्या वर्षात मला दोनदा रक्त चढवावे लागले. इतकी वर्षे पिशवी भरणारी मी, पिशवी रिकामी होताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यामुळे गोळ्या संपल्या, तपासण्या नीट आल्या आणि कोविडची दोन वर्षे सरून २०२२ चा मे महिना आला, तेव्हा घेतलेले फेडण्याच्या भावनेने मी नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

तो फॉर्म मला तोंडपाठ होता, पण एक ओळ मी कधी वाचलीच नव्हती. हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, अपस्मार यांच्या यादीत ‘कर्करोग’ असा एक शब्द आणि त्यापुढे छोटा चौकोन होता. मी त्यात खूण केली, वजन केले, बोटाला सुई टोचून घेतली, हिमोग्लोबिन १२.८ आले, आणि आता खाट मिळणार अशा समजुतीने आत गेले. आतली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने फॉर्म वाचला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही खरं लिहिलंत हे फार बरं केलंत, पण तुमचं रक्त आम्हाला घेता येणार नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही.”

मला त्या मुलीचा राग आला, हे कबूल करते. टाटातल्या डॉक्टरांनी मला बरी म्हटले होते आणि माझ्याच मंडळाच्या मांडवात मी नापास झाले होते. बाहेर आल्यावर शेजारच्या खोलीतल्या भावोजींनी माझे तोंड पाहून समजुतीने सल्ला दिला, “पुढच्या वर्षी लिहूच नका ना, वहिनी. कोणाला कळतंय?” कोणालाही कळले नसते, हे खरेच आहे. आपल्याकडे दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. कर्करोग शोधणारी तपासणी त्यात नाही, आणि सगळ्या कर्करोगांना पकडेल अशी एखादी तपासणी अस्तित्वातही नाही. म्हणजे त्या चौकोनाबाबत सगळी भिस्त रक्तदात्याच्या प्रामाणिकपणावर आहे. लपवण्याचा मोह मला झाला नाही असे नाही, पण ज्या पिशव्यांनी मला उभे केले त्या देणाऱ्यांनी आपापल्या फॉर्मवर खरे लिहिले असावे, असे मी गृहीत धरूनच हात पुढे केला होता.

नंतरचे काही महिने मी या नकारामागची कारणे समजून घेण्यात घालवले. फॉलोअपच्या वेळी डॉक्टरांना विचारले, त्या शिबिरातल्या मुलीलाही रक्तपेढीत जाऊन भेटले. तिने न कंटाळता अर्धा तास दिला. भारतात रक्तदात्यांच्या निवडीसाठी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यांत कर्करोग झालेल्या व्यक्तीला कायमचे वगळलेले आहे. कोणत्या अवयवाचा, कोणत्या टप्प्याचा, किती वर्षांपूर्वीचा, असा भेद आपला नियम करीत नाही.

त्याचे पहिले कारण मला आधी सुचलेच नव्हते, कारण ते माझ्याच बाजूचे होते. रक्तदात्याची निवड केवळ रुग्णाला जपण्यासाठी नसते, तर दात्यालाही जपण्यासाठी असते. केमोची औषधे गाठीबरोबर अस्थिमज्जेवरही मारा करतात, आणि रक्त तयार होते ते अस्थिमज्जेतच. माझ्या पहिल्या चार केमोंमधले जे लाल औषध होते, ज्याने लघवीसुद्धा लाल होते आणि नवीन बाई घाबरून नर्सला हाक मारते, ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. म्हणूनच ते देण्यापूर्वी इको काढतात. अशा शरीरातून पंधरा मिनिटांत साडेतीनशे मिलिलिटर रक्त काढणे सगळ्यांनाच सोसेल असे नाही, आणि कोणाला सोसेल हे मांडवातल्या टेबलावर बसून ठरवता येत नाही.

दुसरे कारण रुग्णाच्या बाजूचे, आणि सगळ्यांच्या मनात असते ते तेच: रक्तातून कर्करोग जातो का? यावर एक मोठा अभ्यास झालेला आहे. स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत रक्तदाते आणि रक्त घेणारे या दोघांच्याही नोंदी वर्षानुवर्षे सांभाळून ठेवलेल्या असतात. १९६८ ते २००२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी जुळवल्या, आणि रक्त दिल्यानंतर काही वर्षांतच ज्यांना कर्करोग निघाला, म्हणजे रक्त देताना जो बहुधा शरीरात दबा धरून होता, अशा दात्यांचे रक्त कोणाला गेले ते शोधले. ३,५४,०९४ रुग्णांपैकी १२,०१२ जणांना असे रक्त मिळाले होते, आणि त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. हा निष्कर्ष २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

असे होण्याचे कारण आपल्या प्रतिकारशक्तीत आहे. दुसऱ्याची पेशी, मग ती कर्करोगाची का असेना, आपल्या शरीराला परकी वाटते आणि शरीर तिला जगू देत नाही. हे ज्या प्रयोगांतून दिसले त्यांची हकीकत मात्र संताप आणणारी आहे. अमेरिकेत चेस्टर साउथम नावाच्या डॉक्टरने १९५० च्या दशकात ओहायोच्या तुरुंगातल्या निरोगी कैद्यांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या. त्या जागी आलेल्या गाठी काही आठवड्यांत विरून गेल्या. १९६३ मध्ये त्यानेच ब्रुकलिनमधल्या एका रुग्णालयात २२ आजारी वृद्धांना अशा पेशी टोचल्या, आणि त्या कसल्या आहेत हे त्यांना सांगितलेही नव्हते. ज्ञान मिळाले, पण ते कसे मिळाले हेही विसरू नये, म्हणून इथे लिहिले.

मग नियम इतका कडक का? कारण रक्त घेणारा रुग्ण निरोगी कैदी नसतो. परळच्या ज्या वॉर्डांत सर्वाधिक रक्त आणि प्लेटलेट लागतात तिथल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती केमोने आधीच जमीनदोस्त झालेली असते. शिवाय इतर देशांचे नियमही एकसारखे नाहीत. अमेरिकन रेड क्रॉस बहुतेक कर्करोगांबाबत उपचार संपून बारा महिने झाले आणि रोग परतला नाही तर रक्त घेते, पण ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांसारख्या रक्ताच्या कर्करोगांना नाही म्हणते. ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्याच कर्करोगांना नकार आहे. पूर्ण बरा झालेला एक सौम्य त्वचेचा कर्करोग आणि गर्भाशयमुखातला कर्करोगपूर्व बदल एवढेच अपवाद. मला विचाराल तर आपला नियम गरजेपेक्षा आखूड कापडाचा आहे, आणि पुराव्यांकडे पाहून तो कधीतरी सैल करायला हरकत नसावी. तोवर मात्र तो नियम आहे, आणि मी तो पाळते.

रक्ताचे उत्तर असे स्वच्छ ‘नाही’ आहे. घोटाळा पुढे होतो, कारण लोक तेच ‘नाही’ उचलून डोळ्यांना, अवयवांना, एवढेच नव्हे तर घरच्या माणसांनाही लावतात. आमच्या घरात हा घोटाळा त्या शिबिराच्या तीन वर्षे आधीच होऊन गेला होता. फक्त तो घोटाळा होता हे आम्हाला तेव्हा कळले नव्हते.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, २०१९ च्या जानेवारीत जठराच्या कर्करोगाने गेले. त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात नेत्रदानाचा फॉर्म भरला होता आणि त्याचे कार्ड लॅमिनेट करून लोखंडी कपाटाच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवले होते. निळ्या शाईतले त्यांचे नाव, खाली नेत्रपेढीचा फोन नंबर. कपाट उघडताना आम्हाला तो नंबर रोज दिसत असे, इतका की दिसेनासा झाला होता. शेवटच्या आठवड्यात त्यांना एका खाजगी रुग्णालयात ठेवले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास ते गेले. माझ्या यजमानांना कार्ड आठवले आणि त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले. तो कागदांवरून मान वर न करता म्हणाला, “कॅन्सरचा पेशंट ना? त्यांचे डोळे चालत नाहीत.” आम्ही ते ऐकले आणि मान डोलावली. तो डॉक्टर नव्हता, नेत्रपेढीचा माणूस नव्हता, पण त्याच्या आवाजात खात्री होती, आणि त्या घटकेला आम्हाला कोणीतरी काहीतरी ठरवून द्यायला हवेच होते. बिल भरून, दाखला घेऊन, शववाहिनी मिळून घरी यायला पहाटेचे पाच वाजले. मी आबांचे धोतर काढायला कपाट उघडले तेव्हा कार्ड समोरच होते. तेव्हाही अर्धा तास शिल्लक होता, हे मला आज कळते.

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, वीस-पंचवीस मिनिटांत काम उरकतात आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. तोवर पंखा बंद करायचा, डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची, एवढेच आपले काम. आणि कर्करोगाबाबत म्हणाल तर, प्रत्यारोपण पूर्ण डोळ्याचे नसते, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचे असते. या पटलात रक्तवाहिन्याच नाहीत. त्याला प्राणवायू हवेतून आणि अश्रूंतून मिळतो. जठरातल्या किंवा स्तनातल्या गाठीच्या पेशी रक्तावाटे अन्यत्र जातात, पण इथवर यायला त्यांना रस्ताच नाही. म्हणून बहुतेक कर्करोगांत नेत्रदान करता येते. अपवाद आहेत ते ल्युकेमिया, लिम्फोमा आणि खुद्द डोळ्याचा कर्करोग. याखेरीज रेबीज, एचआयव्ही, हेपेटायटिस, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशी कारणे असतात, आणि त्यांसाठी मृताच्या रक्ताचा नमुनाही घेतात.

आबांच्या शरीरात शेवटी जंतुसंसर्ग झालेला असेलही आणि नेत्रपेढीने त्यांचे डोळे नाकारलेही असते. ते मला आता कळणार नाही. पण तो निर्णय फोन उचलणाऱ्या नेत्रपेढीने घ्यायचा होता. आम्ही तो बिलाच्या काउंटरवर घेतला.

अवयवदानाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव आपल्याकडे मरणोत्तर मिळतात ते जवळजवळ सगळे मेंदूमृत रुग्णांकडून, म्हणजे ज्यांच्या मेंदूचे काम कायमचे थांबले आहे पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू आहे अशांकडून. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या पथकाला सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे प्रमाणित करावे लागते. कर्करोगाने जाणारा माणूस सहसा असा जात नाही. त्याचे हृदय घरी किंवा वॉर्डात थांबते, आणि मग अवयवांचा प्रश्नच उरत नाही, डोळ्यांचा मात्र उरतो. याउलट, माझ्यासारखी कर्करोगातून उठलेली बाई उद्या लोकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मेंदूमृत झाली, तर प्रश्न खराच उभा राहतो.

याचे उत्तर आधी देता येत नाही, हेच त्याचे उत्तर आहे. त्या क्षणी डॉक्टर कर्करोगाचा प्रकार, टप्पा, उपचार आणि उलटलेली वर्षे पाहतात. गर्भाशयमुखातल्या सुरुवातीच्या बदलांसारखे किंवा त्वचेच्या सौम्य कर्करोगासारखे इतिहास सहसा आड येत नाहीत. मेंदूतल्या मूळ गाठी कवटीबाहेर क्वचितच पसरतात, म्हणून त्यांतल्या काही रुग्णांचेही अवयव घेतात. मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग, ल्युकेमिया, पसरलेला फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग यांना मात्र नकारच असतो. रक्तापेक्षा इथे धोका जास्त, कारण अवयव मिळालेल्या रुग्णाने तो टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यायची असतात. ज्या पहारेकऱ्याने त्या कैद्यांना वाचवले, त्यालाच इथे झोपवावे लागते. शिवाय अवयवात त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात आणि कर्करोगाची एखादी झोपलेली पेशी तिथे वर्षानुवर्षे पडून राहू शकते.

ही भीती पुस्तकी नाही. स्कॉटलंडमध्ये एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोघांना बसवली आणि दोघांनाही मेलानोमा झाला. त्या दात्याचा मेलानोमा सोळा वर्षांपूर्वी काढलेला होता. २००३ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले. युरोपातच २००७ साली मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या एका ५३ वर्षांच्या बाईचे अवयव दिले गेले. तिच्या स्तनाचा कर्करोग कोणालाच ठाऊक नव्हता. पुढच्या काही वर्षांत चार रुग्णांना तो झाला, तिघे दगावले. चौथ्या रुग्णाला बसवलेले मूत्रपिंड काढले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवली, केमो दिली आणि तो वाचला. स्तनाचा कर्करोग म्हटल्यावर हे मी दोनदा वाचले. अशा घटना अतिशय विरळ आहेत, पण त्या ठाऊक असल्यावर मला माझ्या मूत्रपिंडांविषयी हट्ट धरावासा वाटत नाही.

तरीही दुसरी बाजू आहे. ज्याचे यकृत या आठवड्यात साथ सोडणार आहे, त्याच्यासाठी थोडी जोखीम असलेला अवयव आणि अवयवच नसणे यांतून निवड करायची असते. अशा वेळी डॉक्टर त्याला आणि त्याच्या घरच्यांना जोखीम समजावून सांगतात आणि त्यांची संमती घेतात. हा हिशेब मला घरी बसून करता येणार नाही, आणि तो मी करूही नये. म्हणून मी अवयवदानाचा नमुना ७ चा फॉर्म भरला, दोन साक्षीदारांपैकी एक म्हणून यजमानांची सही घेतली, आणि घरच्यांना सांगून ठेवले की वेळ आली तर आधी माझी टाटाची फाईल समोर ठेवायची. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती विचारतातच, त्यामुळे त्यांना फाईल कुठल्या पिशवीत आहे हे माहीत असणे सहीइतकेच महत्त्वाचे आहे. ती दिवाणाखाली, निळ्या पिशवीत आहे.

जिवंतपणी मूत्रपिंड देण्याबाबत आणि मूळपेशी दान करण्यासाठीच्या नोंदणीबाबत कर्करोगाचा इतिहास बहुधा आड येतो. देहदानाला मात्र तो सहसा येत नाही. शरीरशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी शस्त्रक्रियेची जागा पाहायला मिळाली तर उलट उपयोगच होईल. आबांचे कार्ड आम्ही काढलेले नाही. त्याच्या शेजारी आता माझे आहे, आणि तोच नंबर घरातल्या चारही मोबाइलमध्ये आहे.

शिबिरात मी आता नोंदणीच्या टेबलावर बसते. यंदा दुपारी एकच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर, पंचविशीचा एक मुलगा मांडवाबाहेर घुटमळत होता. त्याची आई टाटात ल्युकेमियासाठी दाखल होती, दोघे साताऱ्याकडून आलेले आणि तो दादरच्या धर्मशाळेत उतरलेला. त्याने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

“मावशी, आईला कॅन्सर आहे. माझं रक्त चालायचं नाही ना?”

मी म्हटले, “कॅन्सर आईला आहे. तुला आहे का?”

“नाही.”

“मग हा चौकोन रिकामा सोड आणि खाली सही कर.”

घरातल्या माणसाला कर्करोग असणे रक्तदानाच्या आड येत नाही, हे त्याला वॉर्डात कोणी सांगितले असेलही, पण ते त्याच्यापर्यंत पोचलेले नव्हते. मी त्याला प्लेटलेटदानाचेही सांगितले: त्यात यंत्र फक्त प्लेटलेट काढून घेते आणि बाकीचे रक्त परत देते, तास-दीड तास लागतो, पण त्या पिशव्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे आईसारख्या रुग्णांना त्या सतत लागतात. आज रक्त दिले तर प्लेटलेटसाठी मध्ये किती थांबायचे ते आत डॉक्टरांना विचारून घे, असेही बजावले. त्याने फॉर्म पुन्हा उचलला. वजन ५१ किलो भरले, हिमोग्लोबिन १३.६. रजिस्टरमध्ये त्याचा क्रमांक ७४ होता.